धूसर फुटेजमधला चेहरा: डिझर्टेशनच्या कामाच्या नोंदी

16 जून 2025

फॉरेन्सिकच्या डिझर्टेशनचा विषय आज एकदाचा नक्की झाला. सीसीटीव्हीच्या खराब फ्रेममधला चेहरा दुसऱ्या फोटोशी ताडून बघताना तज्ज्ञाने किती बोलावं आणि कुठे थांबावं. मॅडमना वाटलं होतं मी फेस रेकग्निशनचं सॉफ्टवेअर घेऊन बसणार, ते पण असेल पण मुख्य काम माणसाने डोळ्यांनी करायच्या तुलनेचं.

हा विषय घ्यायचंच होतं कारण जानेवारीतलं वांद्र्याचं प्रकरण. अभिनेत्यावर घरात घुसून हल्ला झाला, जिन्यातल्या कॅमेऱ्यातला चेहरा सगळ्या चॅनलवर, आणि दोनच दिवसांत छत्तीसगडमधल्या दुर्ग स्टेशनवर एका माणसाला फोटोवरून ताब्यात घेतलं. तो हा नव्हताच. सोडला त्याला, पण तोवर त्याचा फोटो देशभर फिरलेला, नोकरी गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं असं तो नंतर सांगत होता. त्याचं एक म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही, की मला मिशी आहे, फुटेजमधल्याला नाही, एवढंही कुणी बघितलं नाही.

एरवी मिशी-दाढीला तुलनेत फार किंमत देत नाहीत कारण ती काढता येते, वाढवता येते. पण दोन दिवसांत सफाचट ओठावर भरघोस मिशी येत नाही. म्हणजे तीच मिशी जी ओळख पटवायला कुचकामी, ती इथे माणूस वगळायला पुरेशी होती. हे "वगळणं" आणि "पटवणं" यातलं अंतर मला नीट मांडायचंय.

19 जून

डेटा दोन ठिकाणचा. एक झाग्रेब युनिव्हर्सिटीचा एससीफेस, 130 माणसांच्या 4160 इमेजेस, मुद्दाम साध्या सर्व्हेलन्स कॅमेऱ्यांनी 4.2, 2.6 आणि 1 मीटरवरून काढलेल्या, सोबत त्याच माणसांचे स्वच्छ फोटो. अर्ज गेलाय. पण त्यातले चेहरे तिकडचे, प्रकाश घरातला, आपल्याकडच्या गेटवरचं धुळीने माखलेलं काचेचं झाकण त्यात कुठून येणार. म्हणून दुसरा संच स्वतः करायचा, आमच्या सोसायटीचे कॅमेरे आणि वर्गातले तयार होतील ते. सगळ्यांकडून लेखी संमती घेतेय आणि कुणाचाही चेहरा रिपोर्टबाहेर जाणार नाही हे त्यात लिहिलंय.

25 जून

आज नुसता हिशोब, पण हाच हिशोब कुणी कॅमेरा लावताना करत नाही.

सीसीटीव्हीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयईसी 62676-4, त्याच्या 2014 च्या आवृत्तीत सीनच्या एका मीटर रुंदीत किती पिक्सेल पडतात यावर पायऱ्या ठरवल्यात. माणूस आहे एवढं कळायला 25, ओळखीचा माणूस ओळखायला 125, आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने ठरवायला 250. गेटवरचा कॅमेरा 1080पी, लेन्स 2.8 एमएम, म्हणजे दिसतं भरपूर, समोर दहा मीटरवर साधारण वीस मीटर रुंदी मावते. त्याच्या चित्राच्या रुंदीतले 1920 पिक्सेल वीस मीटरवर वाटले की मीटरला 96. माणसाचा चेहरा पंधरा सेंटिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला चौदा पिक्सेल. चौदा! त्यात दोन डोळे, नाक, तोंड आणि लोकांची अपेक्षा. 250 चा आकडा गाठायला माणूस चार मीटरच्या आत यायला हवा.

पार्किंगचा जुना अॅनालॉग कॅमेरा तर 704 बाय 576 पिक्सेल, लेन्स 3.6 एमएम, तिथे दोन मीटरवर जेमतेम जमतं आणि गाड्या उभ्या राहतात सहा मीटरवर. इन्स्टॉल करणाऱ्याने "पूर्ण एरिया कव्हर होतो" म्हणून विकला, ते खोटं नाही, पण एरिया कव्हर होणं आणि चेहरा मिळणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात हे कमिटीला कुणी सांगितलंच नाही. मी पुढच्या मीटिंगला सांगणार आहे, एक कॅमेरा फक्त विकेट गेटवर, चेहऱ्याच्या उंचीला, अरुंद लेन्सचा.

4 जुलै

डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणाऱ्या डब्यातून, फुटेज काढणं. केसेसमध्ये जे सहसा केलं जातं तेच आधी मुद्दाम करून बघितलं: मॉनिटरसमोर मोबाईल धरून शूट केलं, मग व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मग तीच मिनिटं डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये पेनड्राइव्हवर घेतली, एसएचए-256 हॅश (फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून नोंदवला. दोन्ही शेजारी ठेवून बघवत नाही. मोबाईलवाल्यात मॉनिटरच्या जाळीच्या लाटा, वर व्हॉट्सअॅपने पुन्हा दाबलेलं, भुवईचा केस न केस मिटून एक करडी पट्टी उरलेली.

मूळ फाइलमध्ये पण गंमत आहे. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, विषम ओळी आधी आणि सम ओळी सेकंदाच्या एक-पन्नासांश नंतर. माणूस चालत असला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. प्लेअर ते आपोआप गुळगुळीत करून दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटतं हाच चेहरा. मी फील्ड वेगळ्या काढल्या तर एकाच फ्रेममधून दोन क्षण मिळाले आणि दुसऱ्यात मान अर्धवट वळून डाव्या कानाची पाळी दिसली, जी प्लेअरमध्ये दिसतच नव्हती. स्क्रीनशॉट घेऊन लॅबला पाठवणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप.

अजून एक, अनेक फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढली की नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, कमी होतो, सोळा फ्रेमला चौथाई, हे पुस्तकातलं गणित. पण कॉम्प्रेशनमध्ये मधल्या बऱ्याच फ्रेम्स आधीच्या फ्रेमचे ठोकळे तसेच उचलून पुढे नेतात, म्हणजे पंचवीस फ्रेम असल्या तरी माहिती पंचवीस वेळा नवी आलेली नसते. स्थिर उभ्या माणसाचा चेहरा सेकंदभर एकाच आय-फ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर, जगतो. सरासरीने त्यातला ठोकळेपणा जात नाही, उलट तो पक्का होतो.

11 जुलै

आजचा दिवस या सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतोय.

पार्किंगचं फुटेज केबिनमधल्या मॉनिटरवर लावलं होतं, सहा-सात मीटरवरून माणसं जाताना, चेहरे म्हणजे बोटाच्या पेरात मावतील एवढे डाग. रात्रपाळीचे वॉचमन काका चहा घेऊन मागे उभे होते आणि सहज बोलत गेले, "हे बी विंगचे डॉक्टर, ही त्यांची सून, हा दूधवाला नव्हे ताई, दूधवाल्याचा भाऊ." मी रजिस्टरशी आणि गेटच्या चांगल्या कॅमेऱ्याशी ताडून बघितलं, काका बरोबर होते. दूधवाल्याच्या भावासकट.

तेच क्लिप आमच्या वर्गातल्या मुलांना दिले, शेजारी दहा स्वच्छ फोटो, यातला कोण ते सांगा. फॉरेन्सिकची मुलं, अभ्यास केलेली, आणि उत्तरं इतकी विखुरलेली की एकाच माणसासाठी चार वेगवेगळे फोटो निवडले गेले. वर प्रत्येकजण बऱ्यापैकी खात्रीने बोलत होता.

हे 1999 मध्ये ग्लासगोला बर्टन आणि सहकाऱ्यांनी नीट करून दाखवलंय. युनिव्हर्सिटीतल्याच सिक्युरिटी कॅमेऱ्याचं खराब व्हिडिओ, त्यात तिथले लेक्चरर. ज्या विद्यार्थ्यांना ते शिकवायचे त्यांनी सहज ओळखलं, न ओळखणाऱ्यांना जमलं नाही, आणि पोलीस अधिकारी त्या अनोळखी गटापेक्षा काही सरस निघाले नाहीत. पुढचा भाग मला जास्त आवडतो, त्यांनी एकदा चेहरा झाकून बघितला, एकदा शरीर, एकदा चाल. चाल आणि शरीर झाकल्याने फारसा फरक पडला नाही, चेहरा झाकला की ओळखणं कोसळलं. म्हणजे आपण म्हणतो "चालीवरून ओळखलं" तेव्हाही काम बहुतेक त्या डागातल्या चेहऱ्यानेच केलेलं असतं, फक्त तो चेहरा आधीपासून डोक्यात पक्का बसलेला असावा लागतो.

यातून तपासासाठी एक साधी गोष्ट निघते. धूसर फुटेज असेल तर आधी त्या भागातल्या, तिथे रोज असणाऱ्या माणसाला दाखवा, आणि त्याला नाव न सुचवता दाखवा. काकांना मी "हे डॉक्टरच ना?" असं विचारलं असतं तर त्यांच्या उत्तराची किंमत शून्य झाली असती.

13 जुलै

अनोळखी चेहरे जुळवण्यात माणूस किती कच्चा आहे याचं वाचन आज पूर्ण. हे फक्त खराब इमेजचं दुखणं नाही. 1997 चा केम्पचा सुपरमार्केटमधला प्रयोग, क्रेडिट कार्डवर फोटो आणि समोर दुसराच माणूस, कॅशिअरनी निम्म्याहून जास्त वेळा चुकीची कार्डं चालवून घेतली. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातले पासपोर्ट अधिकारी, समोर जिवंत माणूस, हातात फोटो, चुकीचा माणूस 14 टक्के वेळा पास. आणि नोकरीची वर्षं वाढली म्हणून अचूकता वाढली असं काही दिसलं नाही. काही लोक जन्मजात चांगले असतात, त्यांना सुपर-रेकग्नायझर म्हणतात, लंडन पोलिसांनी 2015 मध्ये अशांची वेगळी टीमच केली. पण "मी वीस वर्षं हेच करतोय" हे वाक्य पुरावा नाही, हे मी रिपोर्टमध्ये ठळक लिहिणार.

20 जुलै

पाऊस. गेटच्या कॅमेऱ्याच्या गोल झाकणावर थेंब बसला की त्याच्यामागचा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो. त्यात रात्री इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात आणि त्यांच्या मागे कोळी, जाळं लेन्ससमोरच विणतो आणि त्या प्रकाशात जाळं पांढरंफेक, मागचा माणूस काळा.

रात्रीच्या मोडचं काय काय बदलतं ते आज एकाच मैत्रिणीवर करून बघितलं. तिचा सिंथेटिक काळा टॉप इन्फ्रारेडमध्ये जवळपास पांढरा आला. गालावरचे हलके वांगाचे डाग गेले, कारण 850 नॅनोमीटरच्या आसपास त्वचेतलं मेलॅनिन दिवसाच्या प्रकाशाइतकं काळं दिसत नाही. उठावदार चामखीळ मात्र राहिली, सावलीमुळे. म्हणजे दिवसाच्या फोटोत डाग आहे आणि रात्रीच्या फुटेजमध्ये नाही म्हणून "वेगळी व्यक्ती" म्हणता येत नाही, आणि "साक्षीदार म्हणतो पांढरा शर्ट, संशयिताकडे काळा सापडला" यातही दोघं खरे असू शकतात. पंचनाम्यात कपड्याचा रंग लिहिताना फुटेज दिवसाचं की रात्रीचं हे लिहायला हवं, कुणी लिहीत नाही.

29 जुलै

एआय एन्हान्सरवर आजचा पूर्ण दिवस. याबद्दल मला फार कळकळीने बोलायचंय.

वर्गातल्या एका मुलाच्या डाव्या भुवईत लहानपणीच्या जखमेची फट आहे, बारीक, सरळ उभी, केस उगवत नाहीत तिथे. ओळख पटवायला यापेक्षा चांगली खूण मागून मिळत नाही. त्याचा स्वच्छ फोटो मी सोळा बाय सोळा पिक्सेलवर आणला आणि चेहरा "रिस्टोअर" करणाऱ्या मॉडेलला दिला. बाहेर आला तो देखणा, धारदार, त्वचेची छिद्रं दिसतील असा चेहरा. भुवई अखंड. फट गेली. ओठांचा कोपरा वेगळा, दात नव्याने लावलेले. आणि हे बघून शेजारच्या मुलीने विचारलं, "हा कोण?"

मग मागच्या बाजूने करून बघितलं. दोन वेगवेगळ्या मुलांचे फोटो लहान केले, दोघांचे निकाल एकमेकांचे सख्खे भाऊ वाटावेत इतके जवळ. याचं कारण सरळ आहे, सोळा बाय सोळाच्या त्याच डागात बसू शकणारे चेहरे असंख्य, मॉडेल त्याने शिकलेल्या चेहऱ्यांतला एक शक्य चेहरा काढून देतं. 2020 मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या पल्स मॉडेलला बराक ओबामांचा पिक्सेल झालेला फोटो कुणीतरी दिला आणि बाहेर गोरा माणूस आला, जगभर गाजलं ते. ते मॉडेल करणाऱ्यांनी स्वतःच सांगितलं होतं की हे ओळख पटवायला वापरू नका.

आता होतं काय, तपासातला एखादा उत्साही माणूस फोनवरच्या अॅपमधून चेहरा स्वच्छ करतो, तो ग्रुपवर टाकतो, आणि तिथून पुढे सगळे शोधतात तो त्या अॅपने बनवलेला माणूस. नुसतं मोठं करणं, कॉन्ट्रास्ट वाढवणं, फील्ड वेगळ्या काढणं, हे ठीक, कारण काय केलं ते लिहिता येतं आणि दुसऱ्याला परत करता येतं. ज्यात मॉडेल स्वतःच्या आठवणीतून तपशील भरतं ते तुलनेच्या टेबलावर येताच कामा नये. दिसायला चांगलं म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

6 ऑगस्ट

मोजमाप करून गुणोत्तरं काढायची का, यावर गाइड सरांशी बोलणं झालं. ते म्हणाले करून बघ आणि मग सोड. केलं. दोन डोळ्यांतलं अंतर भागिले नाक ते हनुवटी, असं. एकाच मुलीचे आकडे कॅमेरा बदलला की दुसऱ्याच मुलीच्या आकड्यांपर्यंत जातात. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे लपतात. गेटचा कॅमेरा तीन मीटर उंचावरून खाली बघतो, त्यात कपाळ वाढतं, हनुवटी आखडते, आणि कान डोळ्यांच्या मानाने वर सरकल्यासारखे दिसतात कारण ते मागे आहेत. 2007 मध्ये क्लाइनबर्ग, व्हॅनेझिस आणि बर्टन यांनी तर चांगल्या क्वालिटीच्या फोटोंवरही ही पद्धत टिकत नाही असं दाखवलंय. एफआयएसडब्ल्यूजी हा या क्षेत्रातला मार्गदर्शक गट, तोही आकारवैशिष्ट्यांची तुलनाच करायला सांगतो: कानाच्या कडेची घडी, पाळी चिकटलेली की मोकळी, नाकपुडीचा आकार, कपाळावरची केसांची रेषा, व्रण, तीळ, एकेक करून, काय दिसतं आणि काय दिसत नाही दोन्ही लिहून. मोजमाप सोडलं.

14 ऑगस्ट

सॉफ्टवेअरचा भाग. मोकळं मिळणारं फेस रेकग्निशन मॉडेल आमच्या संचावर चालवलं. गेटच्या जवळच्या फ्रेमवर ते वर्गातल्या कुणाहीपेक्षा चांगलं निघालं, हे मान्य करायलाच हवं. पार्किंगच्या फ्रेमवर मात्र सगळे धूसर चेहरे एकमेकांना जवळचे दाखवतं, कारण धूसरपणा हेच त्यांच्यातलं मोठं साम्य.

स्कोअरचा अर्थ लावणं ही खरी अडचण. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात 2022 मध्ये सांगितलं की 80 टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते मॅच धरतात. हे 80 म्हणजे माणूस तोच असण्याची शक्यता 80 टक्के, असं नाही. आणि यादी मोठी झाली की अजून एक भानगड: समजा सिस्टीम दहा हजारांत एकदाच चुकीचा माणूस जुळवते, ऐकायला उत्तम. दहा लाखांच्या यादीत शोधलं तर शंभर चुकीचे लोक वर येतात, खरा त्या यादीत नसला तरीही. मग त्यातला जो सगळ्यात सारखा दिसतो तो अधिकाऱ्यासमोर जातो आणि तो सारखा दिसणारच, त्यासाठीच तर निवडलाय. अमेरिकेत डेट्रॉइटला जानेवारी 2020 मध्ये घड्याळाच्या दुकानातल्या चोरीसाठी एका निरपराध माणसाला घरासमोर, बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या, त्याचं मूळ दुकानातल्या धूसर फुटेजवरून लायसन्सच्या फोटोपर्यंत गेलेला असाच शोध होता.

2018 चा फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास इथे उपयोगी: प्रशिक्षित परीक्षक अधिक चांगलं अल्गोरिदम ही जोडी दोन परीक्षकांच्या जोडीपेक्षाही सरस. पण दोघांनी आपापलं उत्तर स्वतंत्र दिलेलं असेल तर. स्कोअर आधी बघून मग तुलना करायला बसलं की ती जोडी राहत नाही, मशीनचंच उत्तर दोनदा येतं.

22 ऑगस्ट

कोर्टाची बाजू. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र का लागतं हे शोधताना निकाल निघाला जालन्याचा! 2014 च्या विधानसभा निवडणुकीतलं अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, उमेदवारी अर्ज वेळेत दिला की उशिरा यावर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग, आणि त्यावरून सुप्रीम कोर्टाने जुलै 2020 मध्ये जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-बी चं प्रमाणपत्र बंधनकारक आहे असं स्पष्ट केलं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 63, 1 जुलै 2024 पासून लागू, प्रमाणपत्राचे दोन भाग, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत हॅश लिहायचा. माझं काम याच्या पुढचं आहे, कारण प्रमाणपत्राने एवढंच ठरतं की फुटेज तेच आहे. फुटेजमधला माणूस कोण, याला कुठलाही फॉर्म नाही.

30 ऑगस्ट

गणपती बसले आणि गेटच्या कॅमेऱ्यासमोर मंडळाने एलईडीच्या माळा सोडल्या, संध्याकाळी सातनंतर येणारा प्रत्येक चेहरा काळी आकृती. कमिटीला सांगून एक माळ हात-दोन हात सरकवली तर फरक पडला, चेहरे परत आले.

वर्गातल्यांना घेऊन शेवटची चाचणी. या वेळी दोन पाकिटं. पहिल्यात फक्त धूसर फ्रेम. ती बघून आधी लिहायचं की काय दिसतंय, काय नाही, आणि ही फ्रेम तुलनेला लायक आहे का, हो किंवा नाही. सही करायची. मगच दुसरं पाकीट, स्वच्छ फोटोंचं. जी मुलं जुलैमध्ये सरसकट नावं सांगत होती त्यांनीच पार्किंगच्या बहुतेक फ्रेमवर स्वतःहून "लायक नाही" लिहिलं. एकीने तर फोटो बघितल्यावर म्हटलं, "आता मला त्या फ्रेममध्ये त्याचं नाक दिसायला लागलंय," आणि तिच्या सही केलेल्या कागदावर नाकापुढे "दिसत नाही" असं होतं. हा कागद मी परिशिष्टात नाव झाकून लावणार.

3 सप्टेंबर

निष्कर्षाची भाषा ठरली. "जुळतो / जुळत नाही" असे दोनच रकाने काढून टाकले. आता पायऱ्या आहेत: वेगळी व्यक्ती असल्याला भक्कम आधार, मर्यादित आधार, काहीच सांगता येत नाही, तीच व्यक्ती असल्याला मर्यादित आधार, भक्कम आधार. पार्किंगच्या कॅमेऱ्यावरून "तीच व्यक्ती" च्या बाजूला आमच्यापैकी कुणीही "मर्यादित" च्या पुढे गेलेलं नाही, पण वगळण्याच्या बाजूला दोनदा "भक्कम" आलं, दोन्ही वेळा टक्कल आणि दाट केस यांच्यामुळे, दोन्ही फुटेज त्याच दिवशीचे. दिवस वेगळे असते तर तेही खाली आलं असतं.

मॅडमनी विचारलं की तपास अधिकाऱ्याला "काहीच सांगता येत नाही" असा रिपोर्ट दिला तर तो म्हणेल लॅबने काही केलंच नाही. म्हणून रिपोर्टच्या नमुन्यात त्या उत्तराखाली एक रकाना वाढवलाय: का सांगता येत नाही, चेहऱ्याला किती पिक्सेल मिळाले, मूळ फाइल आली की मोबाईलने शूट केलेली, आणि आता काय आणलं तर सांगता येईल. डीव्हीआरची मूळ प्रत, त्याच वाटेवरच्या दुसऱ्या दुकानाचा कॅमेरा, संशयिताचा त्याच कॅमेऱ्याखाली त्याच उंचीवरून घेतलेला नवा फोटो. बऱ्याच डीव्हीआरमध्ये काही दिवसांनी जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, त्यामुळे हा रकाना पहिल्या पानावर, सगळ्यात वर घेतलाय. सोमवारी प्रिंट काढून मॅडमकडे द्यायचं.